लाखनखेडचं पाणी

एस.टी. धुरळा उडवत पुढे निघून गेली आणि मग मामाच्या लक्षात आलं की छागल गाडीलाच राहिली.

वारा लागून पाणी थंड राहावं म्हणून मामानं ती पाण्याची कापडी पिशवी खिडकीच्या गजाला बाहेरून लटकवली होती. दर उन्हाळ्यात प्रवासाला निघालो की तो तसंच करायचा. या वेळी उतरताना फेटा नीट करण्याच्या नादात काढायची राहिली.

"अबे थांब! छागल!" मामा हात वर करून गाडीमागं पळाला. दहा-बारा पावलं गेला आणि थांबला. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली होती.

"गेली," मी म्हणालो.

"दिसते मले," मामा म्हणाला.

वैशाखातली भर दुपार होती. फाट्यावर एक वेडीवाकडी बाभूळ आणि गावाच्या नावाची पाटी, एवढंच होतं. दोन्ही बाजूंना काळ्या मातीची शेतं. कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. लाखनखेड तिथून तासाभराच्या वाटेवर होतं. आम्ही मुलगी पाहायला चाललो होतो. नवरदेव मी.

देविदासमामा माझ्या आईचा भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच आम्हाला आपल्याकडे नेलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटच्या पुढं त्याचा संत्र्याचा बगिचा होता. मी तिथंच वाढलो, तिथंच काम करत होतो. मामाचा शब्द मी कधी मोडला नव्हता. मोडावा असं मनातही आलं नव्हतं.

छागल गेली हे एवढं मोठं होण्याचं कारण सांगतो. मामाच्या घराण्यात एक रीत होती. मुलगी पाहायला गेलं की पसंती होईपर्यंत तिच्या गावचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं म्हणजे सोयरीक झाली, मग मागं फिरणं नाही. मामाच्या आजोबानं कधीतरी सुरू केलेलं. बाकी लोक हसायचे. मध्यस्थ समोरच्यांना आधीच सांगून ठेवायचा की हे पाव्हणे आपलं पाणी आपल्यासोबत आणतात, वाईट वाटून घेऊ नका.

"मामा, इथंच बाभळीखाली बसू ना," मी म्हणालो. "ते संध्याकाळी गाडी घेऊन येणारच हायेत."

मुलीचे वडील, तुळशीराम म्हैसने, यांनी तसा निरोपच पाठवला होता. ऊन फार आहे, दुपारचं निघू नका, संध्याकाळच्या एस.टी.नं या, मी फाट्यावर बैलगाडी घेऊन थांबतो. पण मामाला त्याच दिवशी पुढं मोरगव्हाणलाही जायचं होतं. तिथं दुसरी मुलगी होती आणि मामाचं मन तिथंच होतं. लाखनखेड हे माझ्या आईनं कुणाला तरी शब्द दिला म्हणून उरकायचं होतं.

"अन् मोरगव्हाणले काय उद्या जाचं? तिथं मानसं वाट पाहून राह्यले. चल. अन् तो दुपट्टा सोड डोक्याचा."

"मामा, ऊन लय हाये."

"सोड म्हणतो ना. हमालासारखा दिसतो. केसं पाह्य कसे चिपकले. ऊन कायले लागते? कांदा हाये ना खिशात?"

कांदा होता. आईनं निघताना दोघांच्याही खिशात एकेक टाकला होता. मी दुपट्टा सोडून पिशवीत ठेवला. मामाच्या डोक्यावर त्याचा नवा गुलाबी फेटा होता, तो त्याच्या डोक्यावरच राहिला. आम्ही चालायला लागलो.

नवा टेरिलिनचा शर्ट अंगाला चिकटला, मग कधीतरी सुटला. सुरुवातीला घाम येत होता, तो थांबला. मला वाटलं, बरं झालं. पायाखालची वाट पुढंमागं हलल्यासारखी वाटत होती. मामा मोरगव्हाणच्या विहिरीबद्दल बोलत होता. किती हात खोल, किती गोड पाणी. नदीच्या अलीकडं, लाखनखेडच्या पट्ट्यात मात्र सगळीकडे खारं पाणी. जमिनीखालचं पाणीच खारं, विहीर कुठंही खणा. त्यामुळे तिकडच्या मुली आमच्याकडे सहज मिळायच्या, पण आमच्याकडची मुलगी तिकडे द्यायला कोणी तयार नसायचं.

गाव दिसायला लागलं तेव्हा वाटेवर एक कडुलिंब आला. त्याच्या खाली तट्ट्याचा मांडव, मांडवात ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले माठ. पाणपोई होती. बाजूला ढोरांसाठी पाण्याचं टाकं. एक मुलगी चिंचा फोडत बसली होती. जुनं विटलेलं लुगडं, हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले.

"पाव्हणे, बसा घडीभर," ती म्हणाली. "पाणी घ्या."

"नको," मामा म्हणाला.

"गोड पाणी हाये जी. नदीपल्याडून आणलं गाडीनं. इथलं खारं नाई."

"आमी नाई पेत."

"कोनाचं नाई पेत?"

"कोनाचंच नाई पेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् हे?"

"तोही नाई पेत."

"त्यायले बोलू द्या ना. तोंड हाये त्यायले."

माझी जीभ टाळूला चिकटली होती. मामा माझ्याकडे पाहत होता. मी मान हलवली, नको म्हणून. माठावरून थेंब ओघळत होते ते मात्र पाहत राहिलो.

"यायले घाम नाई येऊन राह्यला," ती मामाला म्हणाली. "इतक्या उन्हात मानसाले घाम येत नसन तं बरं नाई ते."

मामा हसला. "बगिच्यातला गडी हाये तो, बाई. असा कोरडाच राह्यते. चल बे."

आम्ही निघालो. मला आठवतं ते एवढंच, की समोरचं पहिलं घर पांढऱ्या मातीनं सारवलेलं होतं आणि ते पांढरं वाढत वाढत माझ्या डोळ्यांत आलं.

इथून पुढचं मला सांगितलं गेलेलं आहे. थोडं मामानं सांगितलं, थोडं वच्छलानं, म्हणजे त्या पाणपोईवरच्या मुलीनं. दोघांचं कधीच जुळलं नाही. मामा म्हणायचा, मी स्वतःच्या हातानं फेटा काढून दिला. वच्छला म्हणायची, मी ओढून घेतला, मामा सोडतच नव्हते. दिवाळीला, लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले की हा वाद व्हायचा आणि आम्ही सगळे हसायचो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. वच्छला गेली त्यालाही हा तिसरा उन्हाळा. आता मी कसंही सांगितलं तरी चूक काढणारं कोणी नाही. तरी जसं ऐकलं तसंच सांगतो.

मी पडलो तशी ती मुलगी पळत आली. मामाला म्हणाली, पाय धरा. दोघांनी मला उचलून कडुलिंबाखाली आणलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"शर्ट काढा त्याचा. जोडे काढा."

मामा बटणं काढत बसला तर तिनं शर्ट धरून सरळ टरकावला. खिशातला कांदा घरंगळत गेला.

"ह्या कांद्याच्या भरोशावर आणलं का जी यायले?"

तिनं टाक्यातून बादली भरली आणि माझ्या अंगावर ओतली. मग दुसरी. ढोरांच्या पाण्याची. मग मामाकडे वळली.

"फेटा द्या."

"फेटा?"

"ओला करून गुंडायाले लागते. माह्या लुगड्याचा पदर पुरत नाई. द्या लवकर!"

फेटा कसा सुटला हे मी वर सांगितलं. तो गुलाबी फेटा ढोरांच्या टाक्यात बुडाला, वर आला तेव्हा त्याला शेवाळ लागलं होतं. तिनं तो माझ्या डोक्याला, मानेला, काखेत गुंडाळला आणि मामाच्या हातात सूप दिलं.

"वारा घाला. थांबू नका."

पहिलं पांढरं घर जवळच होतं. आवाज ऐकून तिथून एक बाई गडू घेऊन पळत आली. मला पाहिलं, मामाला पाहिलं, आमच्या पिशवीतून बाहेर आलेला नारळ पाहिला, आणि तिच्या ध्यानात आलं.

"अवो माय! हे तं अकोटचे पाव्हणे! वच्छे, हे तुले पाहाले आलेले पाव्हणे हायेत!"

मामाच्या हातातलं सूप थांबलं.

"वारा घाला!" वच्छला ओरडली.

मामा पुन्हा वारा घालायला लागला. वच्छलाची आई खाली बसली आणि गडू माझ्या तोंडाजवळ आणला.

"पाज त्याले. मायबाई, पोट्ट्याचे होठ कसे फाटले."

"नका पाजू!" मामा ओरडला.

"नाई पाजाचं," वच्छलाही त्याच वेळी म्हणाली आणि आईचा हात धरला.

मामानं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मुलीनं आपल्या रितीचा मान राखला. मामा हे पुढं आयुष्यभर तसंच सांगायचा. पोरगी किती समजदार, आमची रीत राखली.

तिची आई तिच्या कानाशी लागली. कानाशी म्हणजे काय, मामाला सगळं ऐकू गेलं. "येडी झाली का तू? दोन घोट पोटात गेले तं तुहं कल्याण होते. गोड पाण्याच्या गावात जाशीन. पाजू दे मले."

"माय, त्याले सुद नाई. गिळता येत नाई त्याले. पाणी श्वासात जाईन अन् इथंच मरन तो."

"कायी नाई होत."

"मागच्या वैशाखात त्या फेरीवाल्याचं काय झालं? ह्याच झाडाखाली. सगळ्याईनं मिळून तोंडात पाणी ओतलं, तूही ओतलं. मंग नर्सबाई काय म्हणाल्या? ऊन लागून नाई मेला, पाणी ओतून मेला."

गडू तसाच आईच्या हातात राहिला.

वच्छला मामाला म्हणाली, "अन् तुमची रीत गेली खड्ड्यात. मी तुमच्यासाठी नाई म्हणत नाई." मामा हे वाक्य सांगताना नेहमी गाळायचा.

मला पहिल्यांदा ऐकू आला तो सुपाचा फडफड आवाज. मग कडुलिंबाची पानं दिसली. मग तिचं तोंड, उलटं, कारण ती माझ्या डोक्याशी बसली होती.

"नाव काय तुमचं?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"नाव सांगा. नाव काय?"

"गुणवंत."

"हे कोन?"

"मामा."

"कुठं आले तुमी?"

मला ते सांगता येईना. मुलगी पाहायला आलो हे आठवत होतं, गावाचं नाव आठवत नव्हतं. "पाणी," मी म्हणालो.

"आता देता येते," ती म्हणाली. पण दिलं नाही. मला मागून उठवून झाडाच्या बुंध्याला टेकवलं. मामाला म्हणाली, "आता हे शुद्धीवर हायेत. आता तुमच्या रितीचं बोला."

मामानं घसा साफ केला. "असं करू. कोनाची बैलगाडी सांगू. मोरगव्हाणले गेलो की..."

"मोरगव्हाणले काय हाये?"

वच्छलाची आई त्याच्याकडे पाहायला लागली. मामाला खोटं बोलता यायचं नाही. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "तिथंही एक ठिकान पाहाचं होतं."

वच्छलाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मी माठाकडे पाहत होतो.

"मोरगव्हाणपर्यंत हे पोचत नाईत," ती म्हणाली. आवाज आधीसारखाच होता. "ऐका जी. हे पाणपोईचं पाणी हाये. हे नदीपल्याडून आलेलं. लाखनखेडच्या जमिनीतलं नाई, आमच्या घरातलंही नाई. हे वाटसराचं पाणी. हे पेल्यानं कोनाचं काही ठरत नाई. गावात कोनी तसं म्हणालं तं मी सांगीन की नाई म्हणून. आमचं घरचं पाणी ते, मायच्या हातात हाये, गडूत. ते वेगळं."

आईनं गडू पदराआड घेतला.

"मंग देऊ का हे?" वच्छलानं मामाला विचारलं.

मामानं मान हलवली.

तिनं माठातलं पाणी पेल्यात घेतलं, घरून गूळ आणि मीठ मागवून चिमूट चिमूट टाकलं आणि माझ्या तोंडाला लावलं. "एक घोट. थांबा. आता दुसरा." मी पेला हिसकायला गेलो तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. असा अर्धा पेला पाजायला तिनं किती वेळ लावला! वैशाखातलं ते पाणी अजून माझ्या जिभेवर आहे. नंतर मी खूप ठिकाणचं पाणी प्यालो.

"मामाले द्या," मी म्हणालो.

मामा सूप हलवतच होता. त्याचेही ओठ पांढरे पडले होते. "हे वाटसराचंच ना?" त्यानं पुन्हा विचारून घेतलं. मग लागोपाठ पेले रिकामे केले. शेवटचा तोंडावर मारून घेतला.

ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही असं वच्छलानं सांगितलं. मामा एकदा गाडीची चौकशी करायला उठला, तर ती म्हणाली, "त्यायले घेऊन निघाले तं मी गाव गोळा करीन." मामा बसला. थोड्या वेळानं आडवा झाला आणि घोरायला लागला.

ती दर थोड्या वेळानं फेटा टाक्यात भिजवून आणायची, पिळायची नाही, तसाच टपटपता माझ्या डोक्यावर घालायची. मग पुन्हा चिंचा फोडत बसायची. मधूनच एखादा वाटसरू येई, ती त्याला पाणी देई. मी तिच्याकडे पाहत होतो. मुलगी पाहायला म्हणून बसलो असतो तर ती मान खाली घालून बसली असती आणि मी पोहे खात बसलो असतो. पाहून झालं असतं आणि काही दिसलं नसतं.

"तो फेरीवाला कोन होता?" मी विचारलं.

"कोनाले मालूम? बांगड्या विकत आला होता. तिथंच पडला तुमच्यासारखा. बाबानं मंग पाणपोई घातली. म्हणे, कोनी पडाच्या आधी पाणी भेटलं पाह्यजे."

"अन् तुमी रोज बसता?"

"मी, नाईतं माय." तिनं एक चिंचोका लांब फेकला. "आज माय बसणार होती. पाव्हणे येनार म्हणून मले न्हाऊन-धुऊन घरात बसाचं होतं. पण तुमी संध्याकाळी येनार होते ना जी. म्हटलं, तवरोक चिंचा तरी होतीन."

तिनं स्वतःच्या माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा लाजली. मग हसली.

मला काय झालं सांगता येत नाही. मी म्हणालो, "तो गडू आणा."

"कोनता?"

"घरचा. मायच्या हातातला होता तो."

तिचं हसू गेलं. तिनं झोपलेल्या मामाकडे पाहिलं. मग उठून माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप हाये अजून," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय. तापात मानूस काहीही मांगते. मघा तुमाले गावाचं नाव आठवत नव्हतं." ती परत जाऊन बसली. "उन्हं जाऊ द्या. संध्याकाळी मांगा. मांगाचं असन तं."

"अन् नाई मांगतलं तं?"

"तं बाबाची गाडी येते. तुमाले मोरगव्हाणले पोचवून देईन."

घरातून तिची आई हे ऐकत असणार. भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग मोठ्यानं, "या पोट्टीचं नशीब! हातातलं देते सोडून!"

वच्छलानं तिकडे लक्ष दिलं नाही. मी मात्र ती दुपार जागाच काढली. झोपलो तर मागायचं विसरेन अशी भीती वाटत होती. सावली झाडाखालून सरकली, तशी तिनं मला धरून सरकवलं. मला आधी कोणी असं विचारलंच नव्हतं की तुला काय पाहिजे. कुठं राहायचं, काय काम करायचं, कुणाला पाहायला जायचं, सगळं कुणी तरी सांगितलेलं. मामा वाईट नव्हता. त्याला विचारायचं सुचलंच नव्हतं. आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. आता अर्धा दिवस मिळाला होता आणि मी फक्त एकच गोष्ट विचार करकरून पाहत होतो, की ताप उतरल्यावरही मला हेच हवं असेल का.

उन्हं कलली. ढोरं टाक्यावर यायला लागली. बैलगाडीचा आवाज आला. तुळशीराम म्हैसने शेतातूनच परस्पर फाट्यावर गेले होते आणि आता रिकामी गाडी घेऊन परत आले होते, घाबरलेले, की पाव्हणे एस.टी.नं आलेच नाहीत. झाडाखाली फेटा गुंडाळलेला, उघडा, भिजलेला मी आणि शेजारी बोडका मामा पाहून ते गाडीतच उभे राहिले. त्यांच्या बायकोनं सगळं एका दमात सांगितलं, मोरगव्हाणसकट.

ते खाली उतरले, माझ्याजवळ आले. "बरं वाटते का, बाप्पा?"

"हो."

"मंग बसा गाडीत. उजेड हाये तवर मोरगव्हाणले सोडून देतो." त्यांचा आवाज कडू नव्हता. तेही तसेच, मुलीसारखे.

मामा उठून पिशवी शोधायला लागला. मी उठलो. बुंध्याला धरून उभा राहिलो. वच्छला माठांवर फडकी टाकत होती. तिनं पाठ केली होती.

"माह्या कपाळाले हात लावून पाहा," मी तिला म्हणालो.

ती वळली. बापासमोर तिला ते जमेना. तिची आईच पुढं आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"थंडं हाये," ती म्हणाली.

"मंग गडू आणा घरचा."

"गुण्या!" मामा म्हणाला. "तुले कळते का तू काय मांगून राह्यला?"

"कळते. हे लाखनखेड. माहं नाव गुणवंत. तुमी देविदासमामा."

"माह्याकडून शब्द गेलेला हाये तिकडे. इथलं पाणी पेला तं माह्या बगिच्यात पाय नको ठेवू."

मामाचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. मी वच्छलाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिनं मानही हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणूनही नाही. तिनं फक्त आत जाऊन गडू आणला आणि माझ्यापासून हातभर लांब धरला. घ्यायला मलाच हात पुढं करावा लागला.

मी प्यालो. पहिल्या घोटाला कळलं की ते खारं आहे. नुसतं खारं नाही, कडसर, घशात चिकटणारं. नदीपल्याडून येणारं सगळं गोड पाणी ते पाणपोईत ओतत होते. घरात विहिरीचं पीत होते.

मी गडू रिकामा होईपर्यंत तोंडाचा काढला नाही.

"असंच हाये आमचं," वच्छला म्हणाली.

मामानं माझ्या डोक्यावरचा ओला फेटा सोडवून घेतला, झटकला, शेवाळ काढलं, डोक्याला गुंडाळला. गाडीत चढताना म्हणाला, "मोरगव्हाणले एकटाच जातो. काय सांगू त्यायले, तू सांग."

"ऊन लागलं म्हणा," मी म्हणालो.

मला त्या रात्री तिथंच ठेवून घेतलं, सकाळी डॉक्टरला दाखवलं. मामा लग्नाला आला, पण बगिच्यात मला खरंच घेतलं नाही. मी अकोटला चक्कीवर लागलो, पुढं स्वतःची टाकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढं मामाचाही राग गेला.

एक गोष्ट मात्र मी वच्छलाला पुष्कळदा विचारायचो. उन्हाळ्यात दुपारी चक्की बंद असायची, आम्ही दोघं आतल्या खोलीत पडलेलो असायचो, तेव्हा हमखास. "त्या संध्याकाळी मी मागितलं नसतं तर?"

मला वाटायचं ती म्हणेल, मी रडले असते. किंवा म्हणेल, तुम्ही मागणारच होते, मला माहीत होतं. एकदा तरी तसं काही म्हणावं. पण तिचं उत्तर ठरलेलं. कूस बदलून म्हणायची, "तं काय? तुमी धड घरी गेले असते. तेवढंच पाह्यजे होतं मले. झोपा आता."

मी चिडायचो. एवढंच? म्हणायचो. ती झोपून गेलेली असायची.

या उन्हाळ्यातही दुपारी मी आतल्या खोलीत पडतो. मुलगा फोन करतो, बाबा, बाहेर निघू नका, पाणी पीत राहा. मी हो म्हणतो. मग भिंतीकडे तोंड करून तिला विचारतो, मोठ्यानं विचारतो, आणि थांबतो. आता मला दुसरं कुठलंच उत्तर नको असतं. तेच तिनं एकदा चिडून म्हणावं, आणि मला झोपा म्हणावं.